नोकरी सोडून अक्षरं काढायची असतील तर आधी आपलीच कर्जाची फाइल तपासा

तेरा वर्षं मी कोल्हापुरातल्या एका सहकारी बँकेत कर्ज विभागात होते. समोर बसलेल्या माणसाची वही बघायची, येणं-देणं तपासायचं, जामीनदार कोण ते विचारायचं आणि फाइलवर शेरा मारायचा. आता मी अक्षरलेखन करते. दुकानाच्या पाट्या, मसाल्याच्या पाकिटावरची नावं, पुस्तकांची शीर्षकं, लग्नपत्रिका, दिवाळी अंकातली मथळ्यांची अक्षरं. पोट त्यावरच आहे.

'मलाही सोडायचंय, कसं करू?' असं विचारणारे महिन्याला दोघं-तिघं तरी भेटतात. कुणी फोटोग्राफी करतं, कुणी चित्रं काढतं, एक जण बासरी शिकवतो. त्यांना मी 'हिंमत कर' असं म्हणत नाही. कर्ज मागायला आला असतात तर जे विचारलं असतं तेच विचारते. माझं सांगायचं तर २०१७ साली मी स्वतःचाच अर्ज घेऊन माझ्या टेबलापुढे बसले असते, तर फाइलवर 'नामंजूर' लिहिलं असतं. हात चांगला होता, इंटरमिजिएट ड्रॉइंगला ए ग्रेड होती, पण धंद्याची वही कोरी होती. म्हणून दीड वर्ष आधी वही भरली.

वही म्हणजे काय

दोनशे पानी साधी वही. रात्री आणि रविवारी केलेल्या प्रत्येक कामाची नोंद: कुणाचं काम, किती तास लागले, किती पैसे ठरले, किती मिळाले आणि कधी मिळाले. शेवटचे दोन रकाने सगळे विसरतात, आणि धंदा बुडतो तो तिथंच.

तास लिहिताना स्वतःशी खोटं बोलू नका. गिऱ्हाइकाशी फोनवर घातलेला अर्धा तास लिहा, झेरॉक्सच्या दुकानात प्रिंट काढायला गेलात ते लिहा, 'ताई, जरा अजून उठावदार करा ना' या वाक्यामागे गेलेली अख्खी संध्याकाळ लिहा. एका मिठाईवाल्याचं नाव मी १,५०० रुपयांत करून दिलं होतं. मनातल्या मनात मी त्याचे चार तास धरले होते. वहीत निघाले १९. तासाला ७९ रुपये. त्या रात्री वही मिटली आणि घरात कुणाला काही बोलले नाही.

एक गोष्ट मात्र पहिल्या कामाच्या आधी करा. नोकरीच्या सेवानियमांत खासगी व्यवसायाबद्दल काय लिहिलंय ते वाचा. बँकांत, सरकारी खात्यांत, शाळांत परवानगीशिवाय बाहेरचं काम घेता येत नाही, आणि तोंडी 'कर गं, कोण बघतंय' याला किंमत नसते. मी अर्ज दिला. 'कार्यालयीन वेळेत नाही आणि बँकेच्या खातेदारांकडून नाही' या दोन अटींवर लेखी परवानगी मिळाली. दुसरी अट जाचक होती, ओळखीचे निम्मे दुकानदार आमचेच खातेदार. पण पुढे राजीनामा देताना कुणाला बोट दाखवायला जागा राहिली नाही.

दर कुठून काढायचा

मला अक्षर शिकवलं आमच्या गल्लीतल्या पेंटर काकांनी. चपटा ब्रश तिरका कसा धरायचा, शिरोरेषेसाठी खडू लावलेला दोरा दोन खिळ्यांना ताणून कसा सोडायचा, पाटीवर आधी मागच्या अक्षरांची जागा मोजून मग पहिलं अक्षर कसं काढायचं, सगळं त्यांचंच. त्यांचा दर अक्षरावर होता. काना-मात्रा फुकट, जोडाक्षराला दीडपट. एका दुकानाचं नाव 'श्रीकृष्ण' होतं म्हणून मालकानं घासाघीस केली, तर काका म्हणाले, 'मग बाळू ठेवा नाव, स्वस्तात पडंल.' फ्लेक्स आला आणि काकांचा ब्रश वाळला, पण त्यांचा तो दर मला आजही शहाणपणाचा वाटतो. मेहनत कुठं जास्त लागते हे त्यांना नेमकं माहीत होतं.

माझा दर असा निघाला. घरखर्चातला माझा वाटा २६,००० रुपये. आरोग्य विम्याचा हप्ता महिन्याला २,०००. संगणक, टॅब्लेट, स्कॅनर कधीतरी बदलावे लागणार, त्यासाठी बाजूला ४,०००. पीएफ आता कुणी कापणार नाही, म्हणून म्हातारपणासाठी ६,०००. वीज, इंटरनेट, कागद, शाई, निबा यांचे ४,०००. एकूण ४२,०००.

आता तास. महिन्याचे २५ दिवस, रोज सहा तास, म्हणजे १५०. पण वहीनं दाखवलं की ज्याचे पैसे लावता येतात असे तास निम्मेही नसतात. बाकीचे दरपत्रक पाठवण्यात, वसुलीत, सरावात आणि छापखान्यात उभं राहण्यात जातात. मी ७० धरले. ४२,००० भागिले ७०, तासाला ६००.

हा आकडा गिऱ्हाइकाला कधी सांगायचा नाही. तासाचा दर ऐकला की ते तुमचं घड्याळ बघायला लागतं. कामाची एकरकमी किंमत सांगायची, आणि ६०० च्या खाली जाणारं काम घेतोय का एवढं आपण तपासायचं. त्यानंतर मिठाईचंच दुसरं दुकान आलं. मी १९ तासांच्या हिशोबानं ११,४०० सांगितले. मालक हसले, चहा पाजला आणि परत आले नाहीत. पुढचा फरसाणवाला 'बरं' म्हणाला. त्या 'बरं'नंतर मला कळलं की आधीच्या वर्षभराच्या गिऱ्हाइकांपैकी बहुतेक माझी गिऱ्हाइकं नव्हतीच. स्वस्तात मिळतंय म्हणून आलेली माणसं होती.

राजीनाम्याआधीची कागदपत्रं

मार्च २०१९ची वर्षअखेरची हिशोबांची क्लोजिंग उरकली आणि राजीनामा दिला. नोटिशीचा काळ भरून मे महिन्यात बाहेर पडले. त्याआधी चार गोष्टी उरकल्या होत्या.

आरोग्य विमा. कंपनीची सामूहिक पॉलिसी नोकरीबरोबर संपते, आणि नवी घेतली की जुन्या आजारांसाठी थांबण्याची मुदत पहिल्यापासून सुरू होऊ शकते. म्हणून पगार चालू असतानाच स्वतःची पॉलिसी घ्या, किंवा सामूहिक पॉलिसीतून वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं का ते त्याच विमा कंपनीला लेखी विचारा. कर्ज काढायचं असेल तर तेही आधीच. हे मी टेबलाच्या पलीकडून सांगतेय: नोकरदाराला आम्ही पगारपत्रकावर कर्ज देतो, स्वतंत्र धंदेवाल्याकडं दोन-तीन वर्षांची आयकर विवरणपत्रं मागतो. बँकेत नोकरी असेल तर अजून एक: स्टाफ लोनचा सवलतीचा व्याजदर नोकरी सुटली की साधारणपणे जातो. माझा हप्ता एकदम वाढला, आणि कर्ज विभागात बसून मीच ते विसरले होते.

ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सोडताना मालक देतो ती रक्कम. तिचा माझ्या वेळचा हिशोब सोपा होता. शेवटचा मूळ पगार अधिक महागाई भत्ता, गुणिले १५, भागिले २६, गुणिले नोकरीची वर्षं. माझे २८,००० होते, तेरा वर्षांचे २,१०,००० रुपये आले. चार वर्षं काही महिने झाले असतील तर पाच पूर्ण होईपर्यंत दम धरा. पीएफला हात लावू नका, टॅब्लेटसाठी तर मुळीच नाही.

आणि गंगाजळी. पुस्तकी सल्ला सहा महिन्यांच्या खर्चाचा असतो. मी दहा महिन्यांचा ठेवला होता, आणि तोही कमी पडायला आला. मे मध्ये सोडलं, ऑगस्टमध्ये पंचगंगेचा पूर आला. २०१९चा पूर ज्यांनी पाहिला त्यांना वेगळं सांगायला नको. ज्या दुकानांच्या पाट्या मी करणार होते ती दुकानंच पाण्यात होती. पाणी ओसरल्यावर चिखलात उभ्या माणसाकडं पाटीचा ॲडव्हान्स कसा मागायचा? तीन पाट्या मी रंगाच्या खर्चात करून दिल्या आणि वहीत तासांच्या रकान्यात रेघ मारली. दिवाळीत जरा सावरलं, लग्नसराईच्या पत्रिकांची बोलणी झाली, आणि मार्च २०२० मध्ये सगळं बंद झालं. पत्रिकाच काय, लग्नंही पन्नास माणसांत.

काम कुठून येतं

इन्स्टाग्रामवर अक्षरं टाका, नक्की टाका. पण माझी निम्मी कामं छापखानेवाल्यांकडून येतात. गिऱ्हाईक नाव घेऊन आधी तिथं पोचतं, आणि तिथला डीटीपीवाला, म्हणजे संगणकावर मजकूर जुळवणारा, एखादा तयार फॉन्ट ताणून लावतो. मी चार छापखान्यांत माझ्या नमुन्यांचं एकेक पान लावून ठेवलं. सोबत बिस्किटाचा पुडा. हसू नका, डीटीपीवाल्याशी मैत्री ही या धंद्यातली मोठी गुंतवणूक आहे.

तिथंच मला माझं विकण्याचं वाक्य सापडलं. एका साडीच्या दुकानाच्या नावात तीनदा 'ल' होता आणि तयार पाटीवर तिन्ही ल हिंदी वळणाचे, दंडाला चिकटलेले. मी मालकांना कागदावर मराठी ल काढून दाखवला, तो दोन पाकळ्यांचा, आणि विचारलं, 'लहानपणी तुमच्या आईंनी शाळेच्या पाटीवर कुठला गिरवून घेतला होता?' त्यांनी जुनी वही मागवली. वहीवर त्यांच्या वडिलांच्या हातचं दुकानाचं नाव होतं, आणि त्यातला ल माझ्यासारखाच. काम तिथंच ठरलं. 'श'चंही तसंच आहे. गिऱ्हाइकाला डिझाइन कळत नसेल, पण आपलं अक्षर कळतं.

पाट्यांच्या कामाला कायद्याचाही हात लागला. २०२२च्या दुरुस्तीनं दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही देवनागरीत मराठी पाटी बंधनकारक झाली, आणि मराठी अक्षर इतर लिपीपेक्षा लहान चालत नाही. २०२३च्या सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयानं मुंबईतल्या दुकानदारांना दोन महिन्यांची मुदत दिली, तेव्हा मला मुंबईहून अनोळखी माणसांचे फोन आले. तुमच्या कलेला असा कुठला नियम, कुठला हंगाम बांधलेला आहे ते शोधा. दिवाळी अंकांचं काम हवं असेल तर संपादकांना जून-जुलैत भेटा. १९०९ साली 'मनोरंजन'नं पहिला दिवाळी अंक काढला तेव्हापासून ही मंडळी ऐनवेळी धावत असावीत असा माझा संशय आहे, पण मजकुराची आणि चित्रांची जुळवाजुळव पावसाळ्यातच होते. मानधन बेताचंच मिळतं, पण अंक वर्षभर घरोघर फिरतो.

लिहून द्या, लिहून घ्या

इथं मी पोळलेय, म्हणून जरा सविस्तर. एका मसालेवाल्यांना पाकिटासाठी नाव करून दिलं. ९,००० रुपये, सगळं फोनवर. आठ महिन्यांनी तेच अक्षर टेम्पोवर दिसलं, मग कामगारांच्या टीशर्टवर, मग स्टीलच्या डब्यांवर, आणि डबे तर विकायला ठेवलेले. फोन केला तर 'ताई, पैसे दिलेत की तुम्हाला.' माझ्याकडं कागद नव्हता. त्यांच्याकडंही नव्हता, पण भांडायला वकील त्यांच्याकडं होता.

१९५७च्या कॉपीराइट कायद्याचा सर्वसाधारण नियम आपल्या बाजूनं आहे: करणारा हा पहिला मालक, आणि हक्क दुसऱ्याला द्यायचे तर लेखीच द्यावे लागतात. त्या लेखी करारात मुदत नसेल तर पाच वर्षं धरतात, प्रदेश नसेल तर भारत. पण याला अपवाद आहेत. नोकरीत केलेलं काम मालकाचं. पैसे देऊन काढून घेतलेला फोटो, व्यक्तिचित्र, पेंटिंग यांत वेगळं ठरलं नसेल तर पैसे देणारा पहिला मालक. त्यामुळं फोटोग्राफर आणि पोर्ट्रेटवाल्यांनी तर कागदाशिवाय कॅमेरा उघडू नये. आपलं काम नियमात बसतं की अपवादात, हे कोर्टात ठरवण्यापेक्षा व्हॉट्सॲपवर आधीच ठरवलेलं बरं.

मी आता पाठवते ते असं:

'काम: अमुक मसाले या नावाचं अक्षरलेखन. तीन कच्चे आराखडे, त्यातल्या एकावर दोन दुरुस्त्या. तिसऱ्या दुरुस्तीपासून प्रत्येकी ८०० रुपये. वापर: पाकीट, दुकानाची पाटी, जाहिरात. प्रदेश: महाराष्ट्र व गोवा. मुदत: पाच वर्षं. विक्रीच्या इतर कोणत्याही मालावर वापरायचं असल्यास वेगळा करार. रक्कम ११,००० रुपये, निम्मी आगाऊ. पूर्ण रक्कम जमा झाल्यावर अंतिम फाइल. मान्य असल्यास "मान्य" असं उत्तर पाठवावं.'

मोठं काम असेल तर हेच कागदावर, दोघांच्या सह्यांनी. आणि 'अंतिम फाइल पैसे जमा झाल्यावर' ही ओळ कुणासाठीही सोडू नका, मावसभावासाठी तर नाहीच. तोवर फक्त कमी दर्जाचा, आडवी खूण टाकलेला जेपीजी द्यायचा.

वसुली

उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, करा. सरकारी संकेतस्थळावर ती फुकट होते, पैसे मागणारे एजंट टाळा. बिलावर उद्यम क्रमांक छापा. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि नसेल तर १५ दिवसांत द्यायचे असतात. आयकर कायद्यातल्या बदलामुळं, म्हणजे २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून, ही मुदत चुकवणाऱ्या धंद्याला तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत उत्पन्नातून वजा करता येत नाही. याचा व्यवहारी अर्थ सांगते: अडकलेल्या पैशांसाठी मार्चच्या पहिल्या आठवड्यात मालकाला फोन करूच नका. त्यांच्या अकाउंटंटला करा आणि गोड आवाजात उद्यम क्रमांक सांगा.

बाकी करांचं थोडक्यात. सेवांची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर बहुतेकांना जीएसटी नोंदणी लागत नाही. कंपन्या बिलातून टीडीएस, म्हणजे आगाऊ आयकर, कापतात, तो विवरणपत्र भरल्याशिवाय परत मिळत नाही, म्हणून उत्पन्न कमी असलं तरी विवरणपत्र भरा. ते पुढं कर्जालाही लागतं. महाराष्ट्रात स्वतंत्र व्यावसायिकाला वर्षाला २,५०० रुपये व्यवसाय कर असतो. उलाढालीचा ठरावीक हिस्सा नफा धरून कर भरायची जी अंदाजित उत्पन्नाची योजना आहे, ती आपल्याला कुठल्या प्रकारात लागू होते यावर सीए लोकांतही दोन मतं ऐकलीत, तेव्हा एका तासाची फी देऊन आपल्या कामाचं स्वरूप सांगून विचारा.

घर

कुठल्याच मार्गदर्शनात नसतं ते हे. तुम्ही घरी बसून काम करायला लागलात की गल्लीच्या दृष्टीनं तुम्ही मोकळ्या. गॅसवाला, कुरिअर, शेजारच्या पोराला शाळेतून आणणं, सगळं तुमच्याकडं. सासूबाई आत येऊन दाराशी उभ्या राहायच्या आणि म्हणायच्या, 'अक्षरंच काढाय लागलीस न्हवं? मग जरा भाजी निवड की.' वाद घालून उपयोग झाला नाही. मी माळ्यावरच्या खोलीत टेबल हलवलं, बँकेत जायचे त्या वेळेला साडी नेसून जिना चढायला लागले आणि डबा वर न्यायला लागले. दुसऱ्या आठवड्यात सासूबाईंनी शेजारणीला सांगितलेलं मी जिन्यातून ऐकलं: 'ती कामावर गेलीय, पाचला येईल.' ड्रेसवर अक्षर वाईट येतं असं काही नाही, पण साडीनं जे झालं ते दरपत्रकानं झालं नसतं.

थांबायची रेघ

कर्ज देताना खातं कधी थकीत धरायचं हे आधीच ठरलेलं असतं. हप्ता चुकल्यावर ठरवायला बसत नाहीत. तसं स्वतःचं ठरवा, नोकरी सोडायच्या आधी, लिहून, नवऱ्याला किंवा बायकोला दाखवून. माझी रेघ तीन महिन्यांच्या खर्चाची होती. शिल्लक तिथं आली की नोकरी शोधायची, त्यात कमीपणा नाही.

नोव्हेंबर २०२० मध्ये शिल्लक त्या रेघेला टेकली. मी बायोडाटा टाइप केला, दोन पतसंस्थांची नावं काढून ठेवली. तेवढ्यात जानेवारीतल्या ग्रामपंचायत निवडणुकांची कामं आली: पॅनेलची नावं, चिन्हं, भिंतींवरच्या घोषणा. करवीर तालुक्यातल्या सात गावांची अक्षरं मी डिसेंबरभर काढली. निवडणुकीच्या कामाचा एकच नियम, सगळे पैसे आगाऊ. निकालानंतर हरलेला फोन उचलत नाही आणि जिंकलेला तर त्याहून नाही. सहा गावांचे पैसे आधी घेतले होते. सातव्या गावात उमेदवार माहेरकडचे होते, त्यांचं येणं वहीत अजून तसंच आहे.